कांताबाईच्या आवारातल्या चार कोंबड्या

एप्रिल लागला तरी ताराचंद निखारे कांताबाई गजभियेच्या दारावरून जायचं टाळत होता. गावातून बस थांब्याकडं जाणारा सरळ रस्ता तिच्याच आवाराला लागून जातो. ताराचंद मात्र बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून वळसा घालायचा. बाभळीचे काटे, म्हशींनी तुडवलेला गाळ, सगळं सोसून पलीकडून निघायचा. कोणी विचारलंच, तर डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणायचा. खोटं बोलणं हा त्याचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवसांत असं लहानसहान खोटं आपसूक जिभेवर यायला लागलं होतं.

ताराचंद मूळचा नागपूरचा, टिमकीतल्या विणकराच्या घरातला. घरात चार माग होते आणि विणलेली लुगडी गांधीबागेतले व्यापारी उचलायचे. पुढं नऊवारी नेसणाऱ्या बायाच कमी झाल्या आणि माग एकेक करून विकले गेले. तिशीत तो बायकोच्या, तुळजाबाईच्या माहेरी आला, कुहीच्या अलीकडं. सासऱ्याची दोन एकर धानाची जमीन होती. तीत भागेना, म्हणून त्यानं कोंबड्या धरल्या. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्याकडं एकशे चाळीस गावरान कोंबड्या होत्या. आठवड्यातून दोनदा तो स्कूटरवर अंड्यांचे ट्रे बांधून नागपुरातल्या मनीषनगरला जायचा. तिथं त्याचा मुलगा पंकज राहायचा आणि त्याच्या ओळखीनं सात-आठ इमारतींत ताराचंदची अंडी जायची.

त्याचा एक अभिमान होता, नजरेचा. हजार धाग्यांतला एक ढिला धागा ज्याला दिसतो, त्याला आजारी कोंबडी दिसायला वेळ लागत नाही, असं तो सांगायचा. ते खरंही होतं. खुराड्याजवळ उभं राहून तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा की कोणती तरी बरी नाही.

डिसेंबरात त्याच्या कोंबड्यांना सर्दी झाली. शिंका यायच्या, डोळे सुजायचे, अंडी निम्म्यावर आली. तुळजाबाईनं दोनदा सांगितलं की कुहीच्या दवाखान्यातून जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. सर्दीला कोण डॉक्टर बोलावतं, म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं. भुईनीम, हळद, लसूण आणि काळी मिरी कुटून त्यानं काढा केला आणि पाण्यातून पाजला. दोन म्हाताऱ्या कोंबड्या दगावल्या. बाकीच्या बारा दिवसांत बऱ्या झाल्या. सर्दी बारा दिवसांत आपली आपणही जाते, पण काढा स्वतः करणाऱ्याच्या मनात तो विचार येत नाही. ताराचंदच्याही आला नाही.

मार्चच्या सुरुवातीला आठ किलोमीटरवरच्या एका मोठ्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. तिथल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या. दहा किलोमीटरच्या आतल्या गावांत कोंबडी विकायची नाही, एका घरातून दुसऱ्या घरी न्यायची नाही, अशी दवंडी झाली. चार दिवसांनी ताराचंदच्या शेजारच्या मारोतरावाच्या बारा कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. त्या आणि ताराचंदच्या कोंबड्या एकाच बोडीवर चरायच्या. मारोतरावानं त्या धानाच्या बांधीच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरल्या आणि फक्त ताराचंदला सांगितलं. ताराचंदनं ते पोटात ठेवलं. त्याच्याही कोंबड्या दोन-तीन दिवस मलूल दिसल्या. त्यानं पुन्हा काढा पाजला. चौथ्या दिवशी त्या नेहमीसारख्या उकिरडा उकरायला लागल्या.

रविवारी पंकज आला, त्यानं हे पाहिलं आणि मोबाइलवर बापाचा व्हिडिओ काढला. ताराचंद कॅमेऱ्याकडं बघून सांगत होता, "चहूकडं कोंबड्या मरून राहिल्या, माह्या उभ्या हायेत. काहून? तं एकदा बारीक रोग अंगावरून गेला का कोंबडी आतून पक्की होते. अन् वरून हा काढा." दोन दिवसांत तो व्हिडिओ उमरेडपर्यंत फिरला. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन दारात यायला लागले. गांधीबागेतून एक कापडवाला गाडी करून आला. त्याच्या भावाची पोल्ट्री होती. माग बंद पडल्यापासून गांधीबागेतलं कोणी ताराचंदकडं आपल्या पायानं आलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि दिवसभर तो उतरवला नाही.

कांताबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध विहाराच्या मागं राहायची. साठीची, एकटी बाई. तिच्या बावीस कोंबड्या होत्या, सगळ्या मानेवर पिसं नसलेल्या, उघड्या मानेच्या. लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्या आईनं टोपलीत एक कोंबडी आणि नऊ अंडी दिली होती. चाळीस वर्षं त्याच वाणाची पिल्लं तिनं वाढवली. बाहेरचा कोंबडा तिनं कधी आत घेतला नाही. रोगाची बातमी आली तशी तिनं कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. आवाराभोवती चुना टाकला. दाणा आणायला बाहेर गेली तर चपला धुऊनच आत यायची.

रेशन दुकानासमोर तिनं ताराचंदला गाठलं आणि बाटलीभर काढा मागितला. तिची आणि तुळजाबाईची कित्येक वर्षं धानाची रोवणी एकाच बांधीत व्हायची. त्यामुळं मागायला तिला संकोच नव्हता. पण ताराचंदला त्या दिवसांत नुसता काढा देऊन समाधान व्हायचं नाही. तो तिला समजावू लागला, की काढा हा वरचा उपाय झाला, खरी ताकद आजारातून उठलेल्या कोंबडीत असते. तशा चार कोंबड्या तिच्या कोंबड्यांत सोडल्या, तर बारीकशी सर्दी सगळ्यांना लागेल आणि सगळ्याच पक्क्या होतील.

"भाऊ, पण कोंबडी हलवू नका म्हणते ना सरकार," कांताबाई म्हणाली. "अन् माह्या तं कोंडून हायेत. त्याइले काही झालं नाई."

"झालं नाई म्हणूनच तं सांगून राहिलो, वं. कच्च्या हायेत त्या. कवा ना कवा रोग आत येईनच. तेव्हा काय करशीन?"

तिच्या चेहऱ्यावर नको स्पष्ट दिसत होतं आणि ते त्यालाही दिसलं होतं. पण भोवती माणसं होती, आणि ती त्याच्या बोलण्यावर माना हलवत होती. संध्याकाळी तो स्वतःच काढ्याची बाटली आणि चार कोंबड्या टोपलीत घालून तिच्या आवारात गेला आणि स्वतःच्या हातानं खुराड्याचं दार उघडून आत सोडून आला.

पाचव्या दिवशी सकाळी कांताबाईच्या तीन कोंबड्या मेलेल्या निघाल्या. दुपारी आठ. तुरे काळेनिळे पडलेले, माना टाकलेल्या. सहाव्या दिवशी बावीसच्या बावीस गेल्या. ताराचंदच्या चार तेवढ्या त्याच खुराड्यात पाय मोकळे करत फिरत होत्या.

ती रेशन दुकानाशीच आली. सहा-सात माणसं थैल्या घेऊन उभी होती, त्यांत ताराचंदही. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमच्या चारही जित्या हायेत. माह्या बावीस गेल्या."

ताराचंदला त्याच क्षणी कळलं होतं. नजरेची एवढी फुशारकी मारणाऱ्या माणसाला हे कळणार नाही असं कसं होईल? मेलेल्या तिच्या, जगलेल्या त्याच्या, आणि त्या तिथं नेल्या त्यानंच. पण लोक त्याच्याकडं बघत होते. तो म्हणाला, की काढा पातळ केला असेल, सांगितलं तसा पाजला नसेल. कांताबाईनं मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "अन् तुमच्या मोहल्ल्यात साफसफाई तरी कुठं असते?"

ते वाक्य कुठून आलं हे त्याला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. लहानपणी टिमकीत ते त्यानं ऐकलं असेल, घरातही ऐकलं असेल. आपण तसे नाही असं तो समजून होता. तिच्या घरी चहा प्यायचा, बाबासाहेबांच्या जयंतीला विहारात जेवायचा. चुना टाकलेलं, झाडून लख्ख केलेलं तिचं आवार त्यानं पाचच दिवसांपूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या स्वतःच्या खुराड्यात तेव्हा घोटाभर घाण होती. तरी तो तसं बोलला, आणि ऐकणाऱ्यांतलं कोणी त्याला अडवलं नाही. एकानं तर हं म्हटलं.

कांताबाईनं त्याच्याकडं पाहिलं. थैली उचलली आणि निघून गेली. घरी जाऊन तिनं कुहीच्या दवाखान्यात फोन केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मिनल आल्या. तिशीतली, नागपूरकडची, कामापुरतं बोलणारी बाई. कांताबाईकडच्या मेलेल्या कोंबड्यांचे आणि त्या चार जिवंतांचे नमुने घेऊन त्या ताराचंदकडं आल्या. वीस कोंबड्यांचं रक्त घेतलं, घशातून बोळे फिरवले. डिसेंबरच्या सर्दीबद्दल त्यांनी बारीकसारीक विचारलं. ताराचंदनं सांगितलं, पण मारोतरावाच्या बारा कोंबड्या तेव्हाही सांगितल्या नाहीत. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. निकाल यायला चार दिवस लागले.

निकाल घेऊन त्या आल्या तेव्हा तुळजाबाई दारात तांदूळ निवडत होती. ताराचंदनं खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"काका, हिवाळ्यात तुमच्या कोंबड्यांना झाली ती नुसती सर्दी नव्हती," त्या म्हणाल्या. "तो याच रोगाचा एक सौम्य भाऊबंद होता. रक्तात त्याच्या खुणा मिळाल्या. त्याच्याशी लढून त्यांच्या अंगात थोडी ताकद आली होती, म्हणून हा जहाल रोग आला तेव्हा त्या मेल्या नाहीत."

ताराचंदच्या जिवात जीव आला. तो म्हणाला, "म्हंजे म्या सांगत होतो ते बरोबर होतं."

"अर्धं. ताकद मरण थांबवण्यापुरती होती, रोग थांबवण्यापुरती नव्हती. जहाल विषाणू त्यांच्या अंगात शिरला, वाढला, आणि लाळेतून, विष्ठेतून बाहेर पडत राहिला. वरून कोंबडी ठणठणीत. त्या बाईंच्या कोंबड्यांना आधीचा सौम्य रोग कधी झालाच नव्हता. तुमच्या चार कोंबड्यांबरोबर जे गेलं ते ताकद नव्हतं, तो रोगच होता."

"अन् काढा?"

"काढ्यानं काही झालं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की आजूबाजूला आणखी कोणाच्या मेल्या होत्या का? ताराचंदनं मान खाली घातली. उत्तर तुळजाबाईनं दिलं. मारोतरावाचं नाव तिनं घेतलं. तिला ते ठाऊक आहे हे ताराचंदला तेव्हा समजलं.

ती जवळजवळ तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट होती. तेव्हाच सांगितलं असतं तर पथक तेव्हाच आलं असतं, आणि कांताबाईचं खुराडं कदाचित तसंही रिकामं झालं असतं. पण ते ताराचंदच्या हातानं झालं नसतं.

एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायचा हुकूम आला, म्हणजे अख्ख्या गावातल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं घरोघर फिरली. ताराचंदच्या कोंबड्या माणसांना बिथरून पांगल्या, तेव्हा त्यांना बोलवायला त्यालाच सांगितलं. तो आवारात उभा राहून रोजच्यासारखं "आ, आ" करू लागला, आणि त्या दाण्याच्या आशेनं धावत आल्या. धडधाकट, लालबुंद तुऱ्याच्या. एकेक उचलून त्यानं पथकाच्या हातात दिली. समोरच्या घरातून एक म्हातारी आपली एकुलती कोंबडी पदरात धरून बघत होती. तिचं खुराडं रिकामं व्हायला अजून तासभर होता. ताराचंदनं तिच्याकडं पाहायचं टाळलं. दहा दिवस घरातल्या दोघांना गोळ्या दिल्या, ताप मोजला. ताप कोणालाच आला नाही.

त्यानंतर पंकजनं त्याला मनीषनगरला नेलं. रिकाम्या खुराड्यासमोर बसून राहणं बरं नाही, असं पंकज म्हणाला. फ्लॅटमध्ये ताराचंदला करायला काही नव्हतं. तो सकाळी खाली बाकावर जाऊन बसायचा. तिथं दत्तोपंत नावाचे एक निवृत्त गृहस्थ यायचे. त्यांनी ताराचंदला पाहताच ओळखलं, तुम्हीच ते काढेवाले ना म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून तोच व्हिडिओ दाखवला. त्यांच्या भाच्याच्या कोंबड्या होत्या भंडाऱ्याकडं, त्यांना काढ्याचं प्रमाण लिहून हवं होतं.

ताराचंदनं त्यांना सगळं सांगून टाकलं. काढ्याचा उपयोग नाही, कोंबड्या वाचल्या त्या आधीच्या सौम्य रोगामुळं, आणि वाचून त्यांनी दुसऱ्यांच्या मारल्या. एका बाईचा चाळीस वर्षांचा वाण आपण संपवला, हेही सांगितलं. दत्तोपंत कळवळले. तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर भल्यासाठीच केलं, असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या हातानं ताराचंदला बरं वाटलं, आणि जिना चढताना त्या बऱ्या वाटण्याचीच लाज वाटायला लागली. ज्याचं काहीही गेलं नव्हतं त्याच्यापुढं तो खरं बोलून आला होता, आणि बदल्यात दिलासा घेऊन आला होता. बोललेलं ते एक वाक्य तर त्यानं गाळलंच होतं. वर जाऊन त्यानं पंकजला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. पंकज म्हणाला की आपण काढू, पण लोकांच्या मोबाइलमधून तो कसा निघणार? दुपारच्या बसनं ताराचंद गावी परतला.

बस थांब्यावरून या वेळी तो सरळ रस्त्यानं आला. कांताबाई आवारात बसून लाखोळीची डाळ पाखडत होती. तो फाटकाशी उभा राहिला. ती ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सूप तसंच हलत राहिलं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," तो म्हणाला. "माह्या कोंबड्याइनं रोग आणला. म्याच आणला. तुमी नको म्हणत होत्या."

"हे मले माहीत हाय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई सांगून गेली. त्याच्या आधीबी माहीत होतं."

तिनं सूप खाली ठेवलं.

"अन् ते दुसरं?"

कोणतं दुसरं हे विचारायची त्याला गरज नव्हती. तो काहीतरी पुटपुटला, रागाच्या भरात निघालं असं काहीतरी.

"रागाच्या भरात नाई निघालं. तुमाले तं राग नव्हताच, तुमी घाबरले होते," कांताबाई म्हणाली. ताराचंदच्या लक्षात आलं की तिनं एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं. "मले काहून सांगता? ज्याइच्यासमोर बोलले त्याइले सांगा."

रेशन वाटपाचा दिवस दोन दिवसांनी होता. ते दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तुळजाबाई काही विचारायची नाही, पण त्या सकाळी ती थैली घेऊन त्याच्याबरोबर निघाली. रांगेत पंधरा-वीस माणसं होती, मारोतरावही होता. ताराचंद पुढं झाला. तोंडपाठ करून आणलेलं सगळं विसरलं. तो तुटक तुटक बोलला. गावातल्या कोंबड्या आपल्यामुळं गेल्या, पहिल्या मेल्या तेव्हाच आपण सांगायला हवं होतं, काढा फुकटचा होता. मारोतराव जमिनीकडं बघत होता. त्याचं नाव ताराचंदनं घेतलं नाही.

"अन् कांताबाईले म्या म्हणलं का तुमच्या मोहल्ल्यात साफसफाई नसते," तो म्हणाला. "ते खोटं होतं. तिचं आवार साफ होतं, माह्यं घाण होतं. मले माहीत असून म्या बोललो."

कोणीतरी जाऊ दे गा म्हटलं. दोघं-तिघं हसले, ओशाळून. त्या दिवशी ज्यानं हं म्हटलं होतं तो रांगेतून मागं सरकला. मग दुकानदारानं पुढचं नाव पुकारलं. मन हलकं होईल असं ताराचंदला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घरी येऊन तो ओसरीत बसला आणि तुळजाबाईनं त्याच्यासमोर चहा ठेवला, एवढंच.

जुलैत बंदी उठली. लोकांनी पुन्हा कोंबड्या आणल्या. कांताबाईनं उघड्या मानेच्या कोंबडीसाठी उमरेडपर्यंत चौकशी केली, मिळाली नाही. शेवटी तिनं सहा साधी पिल्लं आणली. ताराचंदनं कोंबड्या धरल्या नाहीत. डॉक्टर मिनल महिन्यातून एकदा नमुने घ्यायला यायच्या, लोक दार उघडायला कुरकुरायचे. एकदा त्या एकट्याच फिरताना त्याला दिसल्या आणि तो त्यांची पेटी घेऊन बरोबर गेला. मग दर महिन्याला जायला लागला. दार उघडलं की तो आधी आपली गोष्ट सांगायचा. कोंबडी ठणठणीत दिसते म्हणून निर्धास्त राहू नका, माह्या अशाच दिसत होत्या. दर घरी सांगताना त्याचा आवाज खाली जायचा. पुढं पुढं सोपं होईल असं वाटलं होतं, तेही झालं नाही. काही घरी अजूनही काढ्याचं विचारायचे. तो नाही म्हणायचा.

कांताबाईच्या दारी मात्र तो फाटकाबाहेर थांबायचा. ऑगस्टात एकदा पिल्लं बिचकली, डॉक्टरीणबाईंना एकटीला धरवेनात. कांताबाईनं फाटकाकडं पाहिलं. आत येणाऱ्यासाठी तिनं तिथं औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं होतं.

"पाय बुडवून या," ती म्हणाली.

त्यानं चपला काढल्या, पाय बुडवले.

"आणखी एक डाव."

त्यानं पुन्हा बुडवले, घोट्यापर्यंत, आणि आत येऊन पिल्लं धरली. काम झाल्यावर ती डॉक्टरीणबाईंशीच बोलत राहिली. तो पेटी उचलून बाहेर आला.